मेम्फिसला पोचण्याआधीची आंघोळ

मावशीला पिरॅमिडच्या आत मी नेलं आणि खोटं बोलून नेलं. हे आधीच कबूल करतो. आमच्या सोसायटीत हा किस्सा आता नऊ जण नऊ तऱ्हांनी सांगतात आणि दरवेळी मी आणखी थोडा नालायक ठरतो. म्हणून जे घडलं ते मीच लिहून ठेवलेलं बरं.

मुलुंडहून आम्ही अकरा जण इजिप्तला गेलो होतो. दहा जण आमच्या सोसायटीतले आणि अकरावी माझी सख्खी मावशी. ती घाटकोपरला एकटी राहते. वय एकाहत्तर, गुडघे ठणठणीत, साखर मात्र बेभरवशाची. तिची एकुलती एक मुलगी बोरिवलीला असते. चाळिशी जवळ आलेली, आधी दोनदा दिवस राहून हातचं गेलेलं आणि आता सहावा महिना. मावशी जायलाच तयार नव्हती. मुलीने तिला अक्षरशः हाकललं. म्हणाली, "तू इथे बसून नुसती माझ्या पोटाकडे बघत राहतेस. त्यापेक्षा पिरॅमिड बघून ये, मला जरा श्वास घेऊ दे."

सहलीत माझ्याकडे दुभाष्याचं काम आपोआप आलं. आमचा गाइड कैरोचा, चाळिशीचा, हसतमुख. त्याचं इंग्रजी उत्तम, पण अरबी वळणाचं, त्यामुळे आमच्या निम्म्या मंडळींना ते कळायचं नाही. सिनेमे बघून शिकलेलं थोडं हिंदीही त्याला येत होतं. पण गणपतीत सोसायटीची नाटकं मी बसवतो आणि माझ्या आवाजाला माइक लागत नाही. तेव्हा तो सांगणार आणि मी मराठीत आणणार, असं पहिल्याच दिवशी ठरलं. आणताना मी थोडी भर घालायचो. तो म्हणायचा, या राजाने सत्तर वर्षं राज्य केलं. मी म्हणायचो, सत्तर वर्षं खुर्ची सोडली नाही, आपल्या सेक्रेटरींसारखीच. सेक्रेटरी दुसऱ्या सीटवरच बसलेले असायचे. ते बँकेतून निवृत्त झालेले आणि हसायच्या आधी विचार करणारे गृहस्थ.

त्या दिवशीचा बेत सोपा होता. सकाळी गिझाचे पिरॅमिड, दुपारी जेवण आणि मग मेम्फिस, म्हणजे त्या जुन्या राजांची राजधानी. चार वाजता तिथलं फाटक बंद होतं, हे गाइडने बसमध्ये तीनदा बजावलं.

पिरॅमिडसमोर उभं राहिल्यावर मावशी मान वर करून बराच वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "पण हे आहे काय रे?"

आता मावशीचा नियम सांगायला हवा. मयताला जायचं असलं की ती निघण्याआधी बाथरूममध्ये पाण्याची बादली भरून ठेवते, दाराशी धुतलेली साडी ठेवते, आणि परत आली की कशालाही हात न लावता थेट आत जाते. आंघोळ होईपर्यंत चहा नाही, पाणी नाही, फोनसुद्धा नाही. त्यामुळे हे थडगं आहे असं मी सांगितलं असतं, तर ती बसमध्येच बसून राहिली असती. एवढ्या लांब येऊन बाईने खिडकीतून दगड बघायचे? मला ते पटेना. शिवाय समोर बाई उत्सुकतेने विचारत असताना कंटाळवाणं खरं सांगणं माझ्या स्वभावात नाही.

मी म्हणालो, "देऊळ आहे, मावशी. जोगेश्वरीच्या लेण्यांसारखं समज. तिथे डोंगर होता, तो पोखरून देव बसवला. इथे डोंगरच नव्हता, म्हणून आधी डोंगर बांधला."

"अस्सं," मावशी म्हणाली. तिला ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं.

तीन पिरॅमिडांतल्या धाकट्यात आम्ही गेलो. आत लाकडी फळ्यांचा उतार आहे, त्यावर आडव्या पट्ट्या मारलेल्या, आणि छत इतकं खाली की कंबरेत वाकूनच चालावं लागतं. हवा दमट, आधी येऊन गेलेल्या सगळ्यांच्या घामाची. सेक्रेटरींच्या बायकोने दोनदा परत फिरायचं ठरवलं, पण मागे एवढे लोक होते की फिरायला जागाच नव्हती. मावशी मात्र माझ्यापुढे झपाझप चालली. देवळात वाकून जायचं असतंच, असा तिचा हिशोब.

शेवटी एक दगडी खोली आली. पूर्ण रिकामी. गाइडने बाहेरच सांगून ठेवलं होतं की या राजाची दगडी पेटी फार पूर्वी परदेशी लोकांनी उचलली आणि ते जहाज वाटेतच बुडालं. पेटी अजून समुद्राच्या तळाशी आहे. एवढा भाग मी मराठीत आणलाच नव्हता.

मावशीने बूट काढले. पर्समधून कागदाची पुडी काढली, हळदकुंकवाची चिमूट भिंतीशी सोडली आणि डोळे मिटून पुटपुटत उभी राहिली. आम्ही कोकणातले लोक देवापुढे नुसते हात जोडत नाही, गाऱ्हाणं घालतो. काय हवं, कोणाला हवं, कधीपर्यंत हवं, सगळं नीट सांगतो. मावशीचं गाऱ्हाणं चांगलंच लांबलं. मागे काही जर्मन पर्यटक अदबीने थांबून राहिले. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा इतका मोकळा दिसत होता की मी स्वतःवरच खूश झालो.

बस निघाली. पंधरा मिनिटांत जेवायला पोचू, असं गाइडने सांगितलं. ते ऐकून मावशीने पर्समधून इन्सुलिनचं पेन काढलं, ओढणीआड पोटात टोचून घेतलं आणि परत ठेवून दिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळ बघितलं, कारण हे इंजेक्शन घेतलं की अर्ध्या तासात पोटात अन्न जावं लागतं. नाही गेलं तर साखर उतरते, हात कापतात, माणूस बरळायला लागतं आणि पुढे शुद्ध जाते. घाटकोपरच्या बाजारात एकदा तिचं तसं झालेलं मी पाहिलं होतं. भाजीवालीने तिला उसाचा रस पाजला म्हणून बाई वाचली.

जेवणाची जागा म्हणजे खजुराच्या झाडांखाली मांडलेली टेबलं. दाराशीच मातीची भट्टी होती आणि काळ्या झग्यातली एक जाडजूड बाई तिच्यासमोर बसून रोट्या भाजत होती. एकेक रोटी चेंडूसारखी फुगत होती. मावशी थांबलीच. "हिचा हात चांगला आहे," म्हणाली. बाईने हसून एक गरम रोटी तिच्या हातावर ठेवली. मावशी ती घेऊन टेबलाशी आली. तोपर्यंत मी तिथला कडधान्याचा एक वडा तोंडात टाकला होता. गाइड आमच्याच टेबलावर बसला आणि मावशी त्याला कौतुकाने म्हणाली, "आपका देव बहोत शांत है. मूर्ती नहीं है, फिर भी बहोत अच्छा लगा."

गाइडला काही उमजेना. "देव नहीं, मम्मा. राजा. राजा मर गया, तो उधर रखा."

"रखा मतलब?"

"मतलब फिनिश. मरने के बाद का घर."

मावशीने रोटी ताटात परत ठेवली. हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंडातला वडा तसाच गिळला.

"तू देऊळ म्हणालास."

"मावशी, म्हणजे तसं बघितलं तर..."

"तसं नको बघू. खरं सांग."

मी खरं सांगितलं. दोन वाक्यांत झालं. खोट्याला जेवढी सजावट लागते तेवढी खऱ्याला लागत नाही.

रागावली की मावशी मालवणीत उतरते. "मेल्या, माका मसणात नेऊन आणलंस? आता आंघोळ केल्याशिवाय पाण्याचो थेंब पण तोंडात जावचो नाय."

"मावशी, तू इंजेक्शन घेतलंयस."

"माका म्हायत हा."

सेक्रेटरी पुढे सरसावले. मुद्द्याचं बोलायची त्यांना फार हौस. "मावशी, एक लक्षात घ्या. आत पार्थिव नाही. पेटीही नाही. टेक्निकली ती फक्त एक रिकामी खोली आहे."

"तुमच्या घरात कोण गेलं आणि त्याला उचलून नेलं, तर खोली रिकामीच होते ना? मग सुतक लागत नाही?"

सेक्रेटरींनी विचार केला. "पण पेटी समुद्रात बुडाली. म्हणजे एका अर्थी विसर्जन झालंच की."

"विसर्जन करून आल्यावर पण आंघोळ करतात."

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत इतक्या वर्षांत सेक्रेटरींना कोणी इतकं थोडक्यात गप्प केलेलं मी पाहिलं नव्हतं. एरवी मी टाळी दिली असती. घड्याळात एक पस्तीस झाले होते. मावशीच्या वरच्या ओठावर घाम दिसायला लागला होता आणि जानेवारीतल्या त्या गार दुपारी दुसऱ्या कोणालाही घाम येत नव्हता.

मी खाली वाकून हळूच म्हणालो, "मावशी, निदान साखर तरी तोंडात टाक. शिव्या मग घाल."

ती तितक्याच हळू म्हणाली, "मी तिच्या पोरासाठी मागितलंय रे तिथे. सुखरूप होऊ दे म्हणून. मेलेल्या माणसाच्या खोलीत उभी राहून."

तोपर्यंत मला वाटत होतं की प्रश्न फक्त आंघोळीचा आहे. तिचं गाऱ्हाणं बोरिवलीच्या त्या सहाव्या महिन्यासाठी होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोनदा घरी रिकाम्या हाताने आलेल्या मुलीची आई ती. आता याही वेळी काही झालं असतं, तर तिने जन्मभर त्या खोलीला दोष दिला असता. त्या खोलीला आणि स्वतःला. मला दिला नसता, हे जास्त वाईट.

हॉटेल तिथून तासाभरावर. आवारातल्या बायकांच्या शौचालयात नळ होता आणि भिंतीला फवाऱ्याची नळी. मावशीने दारातूनच बघितलं आणि मागे फिरली. "संडासात न्हाऊ?" सेक्रेटरींच्या बायकोने सुचवलं, "डोक्यावर नुसतं पाणी शिंपडूया का?" "तेवढ्याने भागत नाही," मावशी म्हणाली.

मी गाइडला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. देऊळ, गाऱ्हाणं, इंजेक्शन, सगळं. काहीही भर घातली नाही. तो सरळ भट्टीकडे गेला आणि रोट्यांच्या बाईशी बोलला. बाईने त्याला एकच प्रश्न विचारला. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. तिने माझ्याकडे बघून जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. हे च्यक मालवणपासून कैरोपर्यंत सारखंच आहे. मग पदराला पुसावेत तसे झग्याला हात पुसत ती उठली.

गाइड मला म्हणाला, "ती म्हणते, तिच्या सासूने कबरस्तानातून आलेल्या माणसाला हातपाय धुतल्याशिवाय कधी भट्टीजवळ येऊ दिलं नाही. त्यात विचारायचं काय?"

भट्टीमागेच तिचं घर होतं. मागच्या अंगणात तीन बाजूंनी भिंती, चौथ्या बाजूला तिने चादर टांगली. भट्टीच्या कडेला पीठ मळायला कोमट पाण्याचं मोठं पातेलं ठेवलेलं होतं, ते तिने अख्खं उचलून आत नेलं. अंगावरचे कपडेही भिजणार म्हणून स्वतःचा एक धुतलेला काळा झगा दोरीवर टाकला. मावशी आणि सेक्रेटरींची बायको आत गेल्या. मी चादरीकडे पाठ करून भिंतीशी उभा राहिलो.

बरळायला लागली तर कळावं, म्हणून तिला बोलतं ठेवायचं मी ठरवलं. "मावशी, आज वार कोणता?"

"तुझ्या पापाचा."

"तुझी बिल्डिंग कितव्या मजल्याची?"

"गप उभा राहा."

"जोगेश्वरीच्या लेण्यांत आपण शेवटचे कधी गेलो होतो?"

उत्तर आलं नाही. मी परत विचारलं. तरी नाही. आतून सेक्रेटरींच्या बायकोचा आवाज आला, "अहो, मावशींचे हात फार कापतायत. तांब्या धरता येत नाहीये." तेवढ्यात रोट्यांच्या बाईचा आवाज चढला, तिने काहीतरी हुकूम सोडला आणि मग पाणी ओतल्याचा आवाज आला. एकदा, दोनदा, पाच-सहा वेळा. ती बाई आपल्या हातांनी मावशीच्या डोक्यावर पाणी घालत होती.

मावशी बाहेर आली ती काळ्या झग्यात, ओले केस पंचाने बांधून, चेहरा पांढरा. रोट्यांच्या बाईने अंगणातच तिला बसवलं आणि खजूर, मग आणखी एक खजूर, मग मध लावलेली रोटी असं स्वतः भरवलं. मावशीने तिसरा घास स्वतःच्या हाताने घेतला. दहा मिनिटांनी मसुराचं सूप मागितलं. त्यानंतर तिच्या चेहऱ्यावर रंग परतला.

"तू जेवलास?" तिने मला विचारलं.

"एक वडा."

"ऊठ मग. आत तू पण गेला होतास."

"मावशी, मला कुठे लागतंय..."

"तुला लागत नाही, मला लागतं. तिला काही व्हायला नको."

वाद घालण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. बागेतल्या लिंबाच्या झाडामागे, झाडांना पाणी घालायच्या नळीने, अर्ध्या चड्डीवर मी न्हालो. पाणी जानेवारीचं आणि बहुधा थेट जमिनीतून आलेलं. मी किंचाळलो तेव्हा आमच्याच दुसऱ्या टेबलावरच्या कोणी तरी फोटो काढला, तो आता सोसायटीच्या ग्रुपवर दर महिन्याला फिरतो. डोकं पुसत परतलो तर सेक्रेटरींची बायकोही ओल्या केसांची. आणखी दोघीजणी चादरीआड जायला रांगेत. "आम्ही पण करून घेतो," त्यांतली एक म्हणाली, "बसमध्ये मनाला लागूनच राहिलं होतं. म्हटलं, बोलायचं कसं." शेवटी सेक्रेटरी नळी हातात घेऊन उभे दिसले. टेक्निकली, ते म्हणाले, खात्री असलेली बरी.

या सगळ्यात आम्हाला इतका उशीर झाला की मेम्फिसला पोचलो तेव्हा फाटक बंद व्हायला अर्धा तास उरला होता. गाइडने वाटेत भराभर सांगितलं. ही इथल्या सगळ्यांत जुन्या राजधान्यांपैकी एक. घरं कच्च्या विटांची होती, ती शेतांत विरघळली. चांगले दगड होते, ते लोकांनी पुढे कैरो बांधायला नेले. आता उरलंय ते एवढंच, एक बाग, काही तुटके दगड आणि एका राजाचा प्रचंड पुतळा. मी तोंड मिटून बसलो होतो. भाषांतर सेक्रेटरींची बायको करत होती, तसं मावशीने ठरवलं होतं. तिचं भाषांतर अचूक होतं आणि त्यामुळे बस पेंगत होती.

पुतळ्याचे पाय तुटलेले, म्हणून तो उताणा ठेवलाय. वरच्या सज्जातून खाली बघावं लागतं. मावशीने वरूनच विचारलं, "ये राजा है कि देव?"

"राजा," गाइड म्हणाला. तो आता सावध झाला होता. "पक्का राजा."

"जिंदा था तब का फोटो?"

"हां, मम्मा. जिंदा था तब का."

मग तिला बघायला हरकत वाटली नाही. खाली उतरून बागेत आल्यावर तिने गाइडला थांबवलं. काळा झगा, पायांत बूट, ओल्या केसांचा अंबाडा. दारावरच्या पहारेकऱ्याने तिला आपलीच समजून सलाम केला होता. "इधर देव कौन था? देव. राजा नहीं."

गाइडने गवतातल्या दगडांकडे बोट दाखवलं. या शहराचा देव कारागिरांचा होता, म्हणाला, त्याचं देऊळ इथेच होतं. इथले लोक मानायचे की त्याने नुसत्या बोलण्यातून जग निर्माण केलं. मला तो देव फार जवळचा वाटला.

"इधर कोई रखा नहीं ना?"

"नहीं, मम्मा."

मावशीने सेक्रेटरींच्या बायकोकडे बघितलं. तिने मान डोलावली. मग सेक्रेटरींकडे. त्यांनीही डोलावली. माझ्याकडे बघितलंच नाही. बूट काढून गवतात उभी राहिली आणि पुडीतली उरलेली हळदकुंकवाची चिमूट एका दगडावर सोडली. या वेळचं गाऱ्हाणं मला ऐकू आलं, कारण ती मोठ्याने बोलली. सकाळी जे मागितलं ते चुकून मागितलं, ते मोडीत काढ. आता जे मागते ते तुझ्याकडे मागते, मूल आणि आई दोघं सुखरूप घरी येऊ देत. माझा भाचा मूर्ख आहे, त्याचं मनावर घेऊ नको.

पहारेकरी फाटकाची साखळी वाजवत होता. मावशीने फोन काढून बोरिवलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे साडेसात वाजले होते. माझी मावसबहीण सोफ्यावर पोटावर वाटी ठेवून काहीतरी खात होती.

"पोर हलतंय ना?" मावशीने पहिलं हेच विचारलं.

"हलतंय काय, लाथा मारतंय. आणि आई, तू बुरखा काय घातलायस? काय झालं?"

मावशीने फोन माझ्या हातात दिला. "सांग तिला. झालं तेवढंच सांग."

मी सांगितलं. देवळापासून लिंबाच्या झाडापर्यंत, सरळ, क्रमाने, काहीही न वाढवता. आयुष्यात इतका रुक्ष किस्सा मी कधी सांगितला नसेल. तरी तिकडे ती हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग तोंड उघडून, मग वाटी पोटावरून घसरून खाली पडली. मावशीने माझ्या हातातून फोन हिसकावून घेतला.

"हसू नको गं इतकी. पोटावर ताण येतो," ती म्हणाली, आणि बसकडे चालता चालता तिला पाय वर घेऊन बसायला सांगत राहिली.